काहीच उरलं नाही

१

आपल्या धाकट्या मुलाची एक खोड मोठ्या आईला, म्हणजे घरातल्या आजीला, मुळीच खपत नसे. तो घरातली कुठलीही वस्तू उघडायचा, ती दुरुस्तही करायचा, पण बंद करून झाली की त्याच्या हातात काहीतरी उरायचंच. पंखा उघडला, एक वायसर उरला. मिक्सर उघडला, दोन स्क्रू उरले. इस्त्री उघडली तेव्हा तर अख्खी पट्टी उरली, आणि इस्त्री तापतेय हे बघून तो वर तोंड करून म्हणाला, "कंपनीवाले जास्तीचं घालतात गं आई."

"हो रे," मोठी आई म्हणाली होती, "देवानेही तुला डोकं जास्तीचंच घातलंय. काढून ठेवलंस तरी तू चालतोसच."

हे बोलणं घरात सगळ्यांना पाठ झालं होतं. त्यानंतर धाकट्याने उरलेलं लपवायला सुरुवात केली. कधी धुवायच्या पँटच्या खिशात स्प्रिंग सापडे, कधी पडद्याच्या पोकळ दांडीतून खुळखुळ ऐकू येई. चाळिशीला आलेला माणूस, विम्याच्या ऑफिसात टेबलामागे बसणारा, पण आईला बघितलं की मुठी झाकणार.

म्हणून नातीच्या पिस्तुलाचं काम घरी करायचं ठरलं तेव्हा मोठ्या आईने आधीच नाक मुरडलं होतं. नात म्हणजे थोरल्याची मुलगी. थोरला बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा घरी. मुलगी जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून तिचं नाव चिमणी पडलं, आणि आता हीच चिमणी हवेच्या पिस्तुलाने दहा मीटरवरून कागदावरचा काळा ठिपका फोडायची. गेल्या स्पर्धेत तिचा नेम बिघडला. बॅरल, म्हणजे छर्रा सुटतो ती नळी, झिजलीय, असं ती म्हणाली. नवी मागवली. बसवून देणारा कारागीर दुसऱ्या शहरात, आणि निवड चाचणी तोंडावर.

"दोन स्क्रू सैल करायचे, जुनी ओढायची, नवी सारायची," धाकटा म्हणाला. "त्यात काय आहे?"

काल दुपारी तो आतल्या खोलीत टेबलाशी बसला. हवेची टाकी आधी काढून ठेवली, पिस्तूल रिकामं आहे ना ते चिमणीकडून दोनदा तपासून घेतलं, सुटे भाग स्टीलच्या ताटलीत मांडले. जेवायला मात्र त्याला दोन हाका माराव्या लागल्या. आला तो ताटली सगळ्यांसमोर उलटी करतच.

"बघ आई. काहीच उरलं नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठी आई "बरं झालं" एवढंच म्हणाली. तिच्या तोंडून तेवढं म्हणजे गळ्यात हार घातल्यासारखं. धाकटा त्या आनंदात दोन घास जास्त जेवला.

आज सकाळी चिमणी सरावाला गेली आणि तासाभरात परत आली. तिने कागद टेबलावर टाकला. पाखरांना दाणे फेकावेत तशी भोकं चहूकडे. सरांनी, म्हणजे तिच्या प्रशिक्षकांनी, निरोप दिला होता: संध्याकाळी घरी येतो, जुनी बॅरल परत बसवू, मी स्वतः पाच छर्रे मारून बघतो. चाचणी उद्या. दुसरं पिस्तूल नाही.

चिमणीच्या आईने, म्हणजे सुनेने, कपाटावरचं लांबट खोकं खाली काढलं. जुनी नळी काल त्यातच ठेवली होती.

खोकं रिकामं होतं.

२

मोठी आई शाळेत गेली ती जेमतेम सही करण्यापुरती. पण दूध कोणी प्यायलं हे मांजराच्या चालीवरून सांगणारी बाई. तिने पॅसेजच्या तोंडाशी खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसली. त्या पॅसेजमधून गेल्याशिवाय घरात कोणाला कुठे जाता येत नसे.

"नळीला पाय नसतात," ती म्हणाली. "एकेकाने या."

सून आधी आली. दवाखान्यात रक्ताचे नमुने घेणारी बाई. सुई टोचताना हात कापत नसे, आज पदराशी चाळा चालला होता.

"तू घेतलीस?"

"मी कशाला घेऊ आई?"

"तिची निवड झाली की ती वर्षभर शिबिरात जाणार. निवड झाली नाही तर तुला बरं वाटेल."

सुनेने पदर सोडून दिला. "बरं वाटेल. खोटं कशाला बोलू? घर खायला उठेल मला. पण तिला अडवायचंच असतं तर मी अख्खं पिस्तूल लपवलं असतं. त्यातली जुनी नळी कुठली, नवी कुठली, ते तरी मला कळतं का?"

मोठ्या आईला हे पटलं. पटलं तरी चेहऱ्यावर दाखवायची तिची रीत नव्हती. "जा, चहा टाक," ती म्हणाली.

मग जावई. लेक-जावई खालच्याच मजल्यावर राहायचे. लेक कामावर गेली होती. जावयाला मात्र बातमी कळायचा अवकाश, तो हजर. तंत्रशाळेत यंत्रं शिकवायचा, आणि शिकवायची सवय घरी येतानाही दाराबाहेर काढून ठेवत नसे.

"मी आधीच सांगितलं होतं, आई. हे घरी करायचं काम नाही. बॅरल बसवणं म्हणजे खिळा ठोकणं नव्हे."

"सांगितलं होतंत, जावईबापू. तुम्ही काय सांगितलं नाही ते विचारा. काल खोक्याला हात लावलात ना?"

जावयाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "बघितली फक्त. उजेडाकडे धरून. आतून आरशासारखी होती. मला तर झिजलेली वाटली नाही."

"हे कोणाजवळ बोललात?"

"सगळ्यांसमोरच बोललो की. रात्री जेवताना. जुनी नळी ठणठणीत आहे, उगाच बदलली, असं म्हणालो. तुम्ही तेव्हा पाणी आणायला आत गेला होतात."

मोठ्या आईने डोळे बारीक केले.

तिसरा धाकटा. तो खुर्चीवर बसलाच नाही.

"घरात काही हरवलं की आधी माझं नाव," तो म्हणाला.

"तू मिळवलेलं नाव आहे ते, दुसऱ्या कोणी दिलेलं नाही. काल पहिल्या हाकेच्या आधी तू 'झालं' म्हणून ओरडलास. मग दुसऱ्या हाकेपर्यंत काय करत होतास?"

"परत एकदा घट्ट केलं."

"एकदा झालेलं?"

"खात्री करून घेतली." त्याने कानामागे खाजवलं. लहानपणी साखर खाऊनही तो असाच खाजवायचा. "पण आई, नळी मी नाही घेतली. आणि ह्या वेळी खरंच काही उरलं नव्हतं. तू ताटली बघितलीस."

"बघितली."

कानामागचं खाजवणं तिने मनात एका बाजूला ठेवून दिलं. नळीबद्दल बोलताना त्याचा हात खालीच होता. वर गेला तो घट्ट करण्याबद्दल बोलताना. हे काय कोडं आहे ते तिला कळेना.

सुनेचा फोन वाजला. सर निघाले होते. वाटेत एक काम उरकून येतो म्हणाले.

चिमणी तेवढ्यात खोलीच्या दारात आली. "मिळाली का?" तिने विचारलं.

मोठ्या आईने तिच्याकडे पाहिलं. सुनेने धान्याच्या डब्यात हात घालून बघितला होता. धाकटा पलंगाखाली सरपटून आला होता. जावई बोलता बोलता का होईना, गाद्या उचलून गेला होता. आणि जिची वस्तू, ती दारात उभी राहून विचारत होती.

मोठी आई उठली. पायाखाली काहीतरी कुरकुरलं.

३

तिने बोट ओलं केलं, फरशीवर टेकवलं आणि उजेडात धरलं. बोटाला वाळू होती.

दुसऱ्या मजल्यावरचं घर, सकाळी केर काढलेला, खिडकीत एक कुंडी नाही. मग वाळू आली कुठून? ती वाकून वाकून बघत गेली. दाणे पॅसेजमधून चिमणीच्या खोलीत गेले होते आणि खिडकीखाली थोडे जास्त सांडले होते. कोणीतरी केरसुणी न घेता हातानेच गोळा केल्यासारखे त्यांचे फराटे उठले होते.

घरात वाळू एकाच ठिकाणी होती. चिमणी रोज भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि वाळू भरलेली बाटली सरळ हाताने धरून ठेवायची. त्याने हात स्थिर होतो, असं सरांनी सांगितलेलं. ती बाटली खांद्यापर्यंतच भरलेली असायची. रोज येता-जाता मोठी आई तिला नावं ठेवायची, म्हणून तिला ते पक्कं माहीत होतं. आज वाळू झाकणाला टेकली होती, आणि झाकण तिरकं बसलं होतं.

"सगळे इकडे या," ती म्हणाली.

तिने जुनी चादर पसरली आणि बाटली उपडी केली. वाळू बदाबदा पडली, मग अडली, मग बाटलीच्या तोंडातून काळी पोलादी नळी सरकत बाहेर आली.

जावयाने ती उचलली, खिडकीकडे धरून आतून बघितली आणि जिभेने च्च केलं. "आत दाणे अडकलेत. आता नुसता बोळा फिरवला तरी चरे पडतील. ही आज लावता यायची नाही, आई. उद्याही नाही."

"कोणी केलं हे?" धाकट्याने विचारलं. आपल्यावरचा आळ टळला म्हणून त्याचा आवाज नको तितका मोकळा झाला होता.

चिमणीने पाठ भिंतीला टेकवली आणि ती तशीच घसरत खाली बसली.

४

"काकांनी सांगितलं ना," ती गुडघ्यांत बघत म्हणाली. काका म्हणजे आत्याचे यजमान, जावईबापू. "जुनी बॅरल ठणठणीत आहे म्हणून. मग मागच्या स्पर्धेत बिघडला तो माझा हात. आज नव्या बॅरलने तर आणखी वाईट मारलं. सर आज जुनी लावणार, स्वतः मारणार, आणि त्यांचे पाचही छर्रे एका भोकात जाणार. मग सगळ्यांना कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

"की माझा हात गेला."

"म्हणून नळीच मारून टाकलीस," जावई म्हणाला. मोठ्या आईने त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो चादरीवरची वाळू गोळा करायला लागला.

"तू मला येऊन सांगायचंस," मोठी आई म्हणाली.

उत्तर दिलं ते सुनेने, आणि तेही हळूच. "मागच्या स्पर्धेहून ती आली तेव्हा तुम्ही दारातच म्हणाला होतात, आई. नाचता येईना, अंगण वाकडं."

मोठ्या आईला आठवलं. म्हण चपखल बसली म्हणून तेव्हा तिला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं. तिने घसा खाकरला आणि खिडकीकडे बघितलं.

बाहेर उन्हं तिरपी झाली होती. सर येणार, जुनी नळी गेलेली, नवी छर्रे चहूकडे फेकते. आणि पोरगी गुडघ्यांत तोंड घालून बसलेली. हिला आत्ता उठवलं नाही तर उद्या ही दाराबाहेरच पडायची नाही. मोठी आई घाबरली की तिचा आवाज उलट खणखणीत होत असे.

"ऊठ. बाटली भर. नुसत्या वाळूने."

चिमणीने बाटली भरली. मोठ्या आईने शिवणाच्या डब्यातून सुई-दोरा काढला, दोरा बाटलीच्या गळ्याला बांधला, सुई खाली लोंबती सोडली. "धर. रोज धरतेस तशी."

चिमणीने हात सरळ केला. सुई आधी भिरभिरली, कारण पोरीचा श्वास अजून हुंदक्यातून सुटला नव्हता. मग श्वास लांब झाला. खांदा खाली आला. सुई थांबली. धाकटा जवळ जाऊन वाकला, जावईही वाकला. सुईचं टोक फरशीच्या सांध्यावर होतं आणि तिथेच राहिलं. सुनेला बघवेना, तिने तोंड फिरवलं. वळून बघितलं तेव्हाही सुई तिथेच होती.

"आता ठेव," मोठी आई म्हणाली. "मागच्या वेळी घाबरली असशील, डोळा लागला नसेल, काही झालं असेल. पण आजचा हा हात चहूकडे दाणे फेकणारा नाही. मग दोष कशात?"

"पिस्तुलात," जावई म्हणाला, आणि बोलून झाल्यावर धाकट्याकडे बघितलं.

धाकट्याचा हात कानामागे गेला.

५

"आता मी विचारते त्याचं उत्तर द्या," मोठी आई म्हणाली. "मला तुमचं यंत्र कळत नाही. चिमणे, जुनी नळी जिथे बसते तिथे काय असतं? नुसतं लोखंडावर लोखंड?"

"नाही. मागच्या टोकाला छोटी रबरी रिंग असते. हवा निसटू नये म्हणून."

"कुकरच्या झाकणाला असते तशी?"

"तशीच. मसुरीच्या दाण्याएवढी."

"नव्या नळीला होती?"

"होती. तिच्यावर चढवूनच आली होती."

"जुनीला?"

"होती की."

"दाखव."

चिमणीने चादरीवरची नळी उचलली. टोकाला नुसती खाच होती. तिने वाळूत बोटं फिरवली. जावयाने खोकं झटकून बघितलं. रिंग नव्हती.

मोठी आई खुर्चीत मागे टेकली. "नवी नळी आली, नवी रिंग आली. म्हणजे जुनी नळी उरायला हवी आणि जुनी रिंगही उरायला हवी. ह्या एका कामात उरणारच होतं. नसतं उरलं तरच नवल. आणि ह्याच कामात माझा मुलगा ताटली उलटी करून सांगतो, काहीच उरलं नाही. आम्ही टाळ्या वाजवतो. मीसुद्धा बरं झालं म्हणते." ती थांबली. "पहिल्या हाकेला तुझं काम झालं होतं. मग ताटलीत जुनीवरून निसटलेली रिंग दिसली. दुसऱ्या हाकेपर्यंत ती कुठे गेली रे?"

दाराची घंटा वाजली. कोणी हललं नाही. पुन्हा वाजली तेव्हा सून गेली आणि सरांना घेऊन आली. उंच, कमी बोलणारे गृहस्थ. चादर, वाळू आणि सगळ्यांचे चेहरे बघून ते दारातच थबकले.

"आत घातली," धाकटा म्हणाला. आवाज इतका बारीक की सरांनी कान पुढे केला. "दोन्ही रिंगा एकावर एक. मला वाटलं, जास्त घट्ट बसेल तर बरंच. आणि ती घेऊन आलो असतो तर..." तो आईकडे बघत राहिला, वाक्य त्याने पुरं केलं नाही. पुरं करायची गरजही नव्हती. इस्त्रीची गोष्ट सगळ्यांना पाठ होती.

"दोन रिंगा," सर म्हणाले. "मग नळी पूर्ण आत बसलीच नसणार. केसभर बाहेर राहिली असेल. छर्रा उडी मारून नळीत शिरतो, हवाही निसटते. अशाने कोणाचाही नेम लागणार नाही. माझाही नाही." मग त्यांनी आजूबाजूला बघितलं. "जुनी बॅरल कुठे आहे?"

सगळे मोठ्या आईकडे बघायला लागले. तिने चिमणीकडे हनुवटी केली. "ते तिचं तिने सांगायचं."

चिमणीने सांगितलं. उभं राहून, सरांच्या डोळ्यांत बघून, मध्ये न थांबता. सरांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ह्यावर आपण चाचणीनंतर बोलू. बोलणार आहे मी." मग टेबलाशी खुर्ची ओढली.

पिस्तूल धाकट्यानेच उघडलं. मोठ्या आईने दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. टाकी काढली, रिकामं असल्याची खात्री केली, स्क्रू सैल केले, नवी नळी ओढली. आतल्या खोबणीत जुनी रिंग चेपून बसली होती, नवी मात्र नळीच्या टोकाला जागच्या जागी होती. चेपलेली रिंग त्याने टाचणीने अलगद काढली, नळी पुन्हा सारली. ह्या वेळी ती नखाच्या जाडीएवढी आणखी आत गेली आणि टक्कन बसली. तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

पॅसेजच्या टोकाला सरांनी बरोबर आणलेली, छर्रे अडवायची लोखंडी पेटी ठेवली, बाजूच्या दारांना कड्या घातल्या. "अंतर कमी आहे," सर म्हणाले, "पण विखुरतंय का ते कळेल. द्या इकडे, मी मारतो."

"नाही सर," चिमणी म्हणाली. "मी मारते."

सुनेने मोठ्या आईचा दंड धरला. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल. मोठ्या आईने सोडवून घेतला नाही. एक छर्रा गेला. मग बराच वेळ काही नाही. पोरगी हात खाली घेऊन पुन्हा श्वास भरत होती. दुसरा. तिसरा. चौथ्याला जावयाने डोळे मिटले. पाचवा.

सरांनी कागद आणून टेबलावर ठेवला. एकच भोक होतं, कडा फाटलेलं, अंगठ्याच्या नखाखाली झाकलं जाईल एवढं.

"उद्या लवकर ये," सर चिमणीला म्हणाले. चहा त्यांनी उभ्याउभ्याच घेतला.

ते गेल्यावर धाकटा टेबलाशीच बसून राहिला. समोर ताटली, ताटलीत चेपलेली काळी रिंग. मोठी आई स्वयंपाकघरात गेली, फळीवरून एक रिकामी काचेची बरणी काढली, पदराने पुसली आणि त्याच्यासमोर आदळली. रिंग चिमटीत उचलून आत टाकली. तळाशी ती एवढीशी दिसत होती.

"ही आजपासून तुझी," ती म्हणाली. "पंख्यातलं उरो, मिक्सरमधलं उरो, ह्यात टाकायचं आणि सगळ्यांना दिसेल असं फळीवर ठेवायचं. मी बोलणार. ह्या वयात माझं तोंड बदलायला कुठला कारागीर मिळणार नाही, आणि तुझ्याकडून तर मी मुळीच बदलून घेणार नाही. तू ऐकून घ्यायचंस आणि पुढचं काम करायचंस. पण एक सांगून ठेवते. बरणी भरलेली दिसली तर मी निवांत झोपेन. ज्या दिवशी ती रिकामी दिसेल, त्या दिवशी घरातलं प्रत्येक यंत्र मी तुझ्याकडून उघडून घेईन."